जात्यावरचं भाषांतर

"वरच्या तळीला धरून उचलू नका, ती नुसती ठिवल्याली असती," हौसाबाई म्हणाल्या. "पायावर पडंल कुनाच्या."

आम्ही मराठी मंडळातल्या चौघांनी हात मागे घेतले. चौघांत मिळून तीन मास्टर्स डिग्र्या आणि एक एमबीए होतं, पण जात्याला दोन सुट्या तळ्या असतात हे चौघांनाही तेव्हाच कळलं. वर्तकांच्या दिवाणखान्यात ते जातं सोफ्याशेजारी मांडलेलं असे आणि त्यावर मनीप्लँटची कुंडी असे. वर्तकांच्या बायकोने, शलाकावहिनींनी, ते पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं होतं आणि विमान कंपनीच्या वजनाच्या नियमात बसावं म्हणून एकेक तळी एकेका बॅगेत घालून ओहायोला आणलं होतं. खुंटा पुण्यालाच राहिला. त्याच्या जागी हौसाबाईंनी सकाळीच धाकट्याच्या मोडक्या बेसबॉल बॅटची मूठ ठोकून बसवली होती.

"आन् दळायचं काय?" त्यांनी विचारलं.

"दळायचं काही नाही हो. नुसतं फिरवायचं, लोकांना कल्पना यावी म्हणून," शलाकावहिनी म्हणाल्या.

"रिकामं जातं फिरवत न्हाईत, वैनी."

"का?"

"न्हाई फिरवत."

हे कारण शलाकावहिनींना पटलं. आपल्या संस्कृतीतल्या पुष्कळ गोष्टी त्यांना याच कारणासाठी पटत. त्यांनी आत जाऊन ओट्सचा डबा आणून दिला.

ही एप्रिल २००६ मधली गोष्ट. त्या वसंतात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत स्थलांतरितांचे मोर्चे निघत होते. आमच्या गावानेही काहीतरी करायला हवं, असं सार्वजनिक ग्रंथालयाच्या कॅरल नावाच्या बाईंच्या मनाने घेतलं. गावात फुटपाथ नसल्यामुळे मोर्चा शक्य नव्हता. म्हणून त्यांनी ग्रंथालयाच्या सभागृहात शनिवारी दुपारी चार वाजता 'स्थलांतराची आणि सामाजिक न्यायाची गाणी' असा कार्यक्रम ठरवला आणि सगळ्या समाजांना पत्रं पाठवली. मराठी मंडळाचं पत्र अध्यक्ष या नात्याने उदय वर्तकांना आलं.

मंडळाने पहिली यादी पाठवली तीत चांदण्यावरची दोन भावगीतं, काही कडवी गाळलेली एक लावणी आणि एक आरती होती. कॅरलबाईंचं नम्र उत्तर आलं: फारच सुंदर, पण यात घर कुणी सोडलंय, आणि अन्याय कुणावर झालाय?

"सगळ्यांनीच सोडलंय घर," वर्तक बैठकीत म्हणाले. "विमानाने सोडलं म्हणून काय ते सोडणं नाही?"

अन्यायाचा मात्र प्रश्न होता. आमच्यावर झालेला एकमेव अन्याय म्हणजे ग्रीन कार्डाची लांबलेली रांग, आणि तिच्यावर चाल बसलेलं गाणं कुणाकडेच नव्हतं. तेवढ्यात आतून मिक्सरचा आवाज आणि त्यावर हौसाबाईंचं गुणगुणणं ऐकू आलं. इडलीचं पीठ वाटताना त्या ओव्या म्हणत. वर्तकांचा चेहरा उजळला.

"अरे, खरा माल घरात असताना आपण बाहेर काय शोधतोय?"

हौसाबाई घोलप वर्तकांकडे चार वर्षं होत्या. स्वयंपाक, दोन मुलं, कपडे, आणि अंगणातला बर्फ. ओतूरच्या पुढे डोंगराकडेला त्यांचं गाव. नवरा वारलेला, एक मुलगी, रंजना. वर्तकांनी त्यांना पाहुणी म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं होतं, कागदावर 'आत्या' लिहून. सहा महिने संपून साडेतीन वर्षं झाली होती. आत्या अजून पाहुणीच होत्या.

मी वर्तकांच्या कंपनीत प्रोग्रामर होतो. मला त्या देशात सहा वर्षं काम करायची परवानगी होती, त्यातली पाच वर्षं चार महिने उलटून गेले होते. पुढे राहायचं तर ग्रीन कार्डाचा अर्ज लागतो. तो आपण करायचा नसतो, मालकाने आपल्यासाठी करायचा असतो, आणि मालकाला वाटलं तर तो मागेही घेता येतो. त्यामुळे कंपनीत मी त्यांना इतरांसारखं 'उदय' म्हणत असे, मंडळात 'उदयदादा' म्हणत असे, आणि स्वप्नात एकदा 'साहेब' म्हणालो होतो. माझी बायको मैथिली पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या व्हिसावर तिला इथे काम करायला बंदी होती. मग दुपारी ती वर्तकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे. शलाकावहिनी तेव्हा त्यांच्या दाताच्या दवाखान्यात असत. तिथे मैथिली हौसाबाईंना भाजी निवडू लागे आणि हौसाबाई तिला काय काय सांगत.

मार्च महिन्यात एके दिवशी मैथिली घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली.

"हौसाबाईंच्या रंजनाला दिवस गेलेत. जूनमध्ये होईल."

"अरे वा."

"पहिलं बाळंतपण. माहेरी करायचं असतं ना. सासरची माणसं विचारतायत, कधी न्यायला येताय. आणि माहेराला कुलूप आहे. माहेर म्हणजे ही बाई, आणि ही बाई इथे तुमच्या उदयदादांच्या मुलांचे सॉक्स जुळवतेय."

"मग जावं की त्यांनी."

"पासपोर्ट वर्तकांच्या बेडरूममधल्या कपाटात आहे. किल्ली वहिनींच्या गळ्यात. दोनदा मागितला. बघू म्हणाले." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू बोल ना त्यांच्याशी."

मी बोललो. तीन दिवस मनात वाक्यं जुळवून चौथ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. वर्तक ग्रीन टी पीत होते.

"उदय, ते हौसाबाईंच्या मुलीचं..."

"शलाका म्हणाली मला. जून ना? आता तूच सांग, जूनमध्ये मुलांच्या सुट्ट्या सुरू. दोघं दिवसभर घरात. शलाकाने दवाखाना बंद करायचा का?"

"नाही, दवाखाना कसा बंद करणार."

"आणि ही बाई एकदा गेली की तिला परत येता येणार नाही, हे तिच्या डोक्यात शिरत नाही. मुदत संपून किती दिवस झाले बघ. पासपोर्ट मी तिच्याच भल्यासाठी ठेवलाय. कुठे हरवून बसली तर?"

"हो, हरवायची शक्यता असतेच."

"डिसेंबरात आम्ही जाणारच आहोत, तेव्हा नेऊ बरोबर. नातवंड काय डिसेंबरपर्यंत पळून जाणार आहे?"

"नाही, सहा महिन्यांत पळत नाहीत."

वर्तक मनापासून हसले. मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "लुकतुके, तुझी फाईल वकिलाकडे तयार आहे हां. माझी एक सही राहिलीय फक्त. आठवण कर मला."

ते धमकी देणारे गृहस्थ नव्हते. त्यांना तशी वेळच कधी आली नव्हती.

"काय म्हणाले?" घरी मैथिलीने विचारलं.

"डिसेंबर."

"आणि तू?"

"मी म्हणालो, मुलं सहा महिन्यांत पळत नाहीत."

 मैथिलीने उठून कुकर लावला.

कार्यक्रमाचं निवेदन आणि ओव्यांचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आलं, कारण मंडळाच्या दिवाळी अंकात मी विनोदी लेख लिहीत असे. मी मन लावून काम केलं. हौसाबाईंच्या आठ ओव्या निवडल्या. तीन सीतेच्या, दोन भावाच्या, दोन पावसाच्या आणि एक गायीची. प्रत्येकीचं भाषांतर जाड कार्डावर टाईप केलं. सुरुवातीला छोटी प्रस्तावना लिहिली.

शनिवारी सभागृहामागच्या खोलीत हौसाबाई बाकावर बसल्या होत्या. एरवी त्या घरात शलाकावहिनींच्या जुन्या ट्रॅकपँटवर आणि स्वेटरवर असत. आज मंडळाच्या नाटकाच्या पेटीतलं नऊवारी नेसवलं होतं.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "त्या कारडावर काय लिवलंय पयलं?"

"प्रस्तावना आहे. जातं म्हणजे काय, ओवी म्हणजे काय."

"जात्यावर बोलल्यालं घरातली मानसं मनावर घेत न्हाईत, हे लिवलंय का?"

"लिहिलंय की. मैथिलीनेच सांगितलं होतं मला, तुमच्याकडून ऐकून."

"वाचून दावा."

मी वाचून दाखवलं, मराठीत. पहाटे दळताना बाई सासूविषयी, नवऱ्याविषयी, दिराविषयी जे वाटेल ते ओवीत म्हणू शकते. घरातले अंथरुणात पडून ते ऐकत असतात. पण त्यावर कुणी रागवायचं नाही, उलट बोलायचं नाही आणि दिवसा त्याचा विषय काढायचा नाही. उत्तर द्यायचंच असेल तर समोर बसून खुंट्याला हात लावायचा आणि ओवीतच द्यायचं. असा रिवाज आहे.

"हितल्या जात्यालाबी लागू हाय ना त्यो?"

"जातं तेच आहे," मी म्हणालो. "लागू असणारच."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या आणि ओट्सचा डबा मांडीवर घेऊन बसल्या.

सभागृहात साठेक लोक होते. एका आयरिश जोडप्याने बोटीतून आलेल्या पणजोबांचं गाणं म्हटलं. चर्चच्या काळ्या गायकवृंदाने असं काही गायलं की आमच्या मंडळींनीही टाळ्यांचा ठेका धरला, थोडा चुकीचा. कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तीन मेक्सिकन पोरांनी गिटारवर सरहद्दीचं गाणं म्हटलं आणि त्यातलं एक मधेच थांबून डोळे पुसू लागलं. प्रेक्षक गलबलले. शलाकावहिनींनी पर्समधून टिश्यू काढला. "किती सोसतात ना हे लोक," त्या मैथिलीला म्हणाल्या.

मग आम्ही. वर्तकांनी झब्बा सावरत हौसाबाईंची ओळख 'माझी आत्या' अशी करून दिली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी प्रस्तावना वाचली. रिवाजाच्या वाक्याला कॅरलबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. हौसाबाई स्टेजवर जात्यापाशी बसल्या, पदर खोचला, मूठभर ओट्स टाकले आणि घरघर सुरू झाली. माईक त्यांच्या तोंडाशी बांधला होता.

सीतेच्या तीन झाल्या. मी तीन कार्डं वाचली. टाळ्या. भावाच्या दोन झाल्या. मी पावसाचं कार्ड वर घेतलं. हौसाबाईंनी पुन्हा मूठभर ओट्स टाकले आणि पाऊस आला नाही.

*लेकीचं पयलं बाळतपन, लेक वाट पाहे दारी,*
*माह्येराला कुलूप गं, माय समिंदराच्या पारी.*

आवाज तोच होता, चाल तीच, हातही त्याच गतीने फिरत होता. मी कार्डं उलटीपालटी केली.

*पासपोर्टाचं पुस्तक कपाटाच्या कप्प्यामंदी,*
*किल्ली वैनीच्या गळ्यात, जीव माझा घोरामंदी.*

मंडळाच्या दोन्ही रांगांना एकदम खोकला आला. शलाकावहिनींचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. वर्तक हलले नाहीत. त्यांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं होतं, गरम भांडं धरावं तसं. त्यांना काही बोलताही येत नव्हतं. रिवाज नुकताच त्यांच्यासमोर इंग्रजीत वाचून झाला होता.

मागच्या बाजूला बसलेले चाळीस-पन्नास अमेरिकन माझ्याकडे बघत होते. आतापर्यंत दर ओवीनंतर त्यांना अर्थ मिळाला होता आणि याही ओवीनंतर मिळणार याची त्यांना खात्री होती.

माणसाला विचार करायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. काहीच लागत नाही. मी वर्तकांकडे बघितलं, राहिलेली एक सही बघितली, आणि तोंडातून सफाईदार इंग्रजी आपोआप बाहेर पडू लागलं. आई म्हणते, लेकी, मी सातासमुद्रापलीकडे आहे, पण ढगांबरोबर तुला आशीर्वाद धाडते. इथे मला नवीन फॅमिली मिळाली आहे. माझी काळजी करू नकोस, मी इथे हॅपी आहे.

पहिल्या रांगेतलं हसू सैल झालं. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला. टाळ्या सुरू झाल्या.

जातं थांबलं.

"हॅपी?" हौसाबाईंनी विचारलं.

माईक चालू होता. सभागृहाने तो शब्द ओळखला आणि लोक प्रेमाने हसले. कुणीतरी "येस, हॅपी" असं म्हणालंसुद्धा. चार वर्षं वर्तकांच्या मुलांबरोबर कार्टून आणि जाहिराती बघत, त्यांचा अभ्यास ऐकत ही बाई स्वयंपाकघरात होती. तिला इंग्रजी किती कळतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता.

"भाऊ, मी हॅपी कुटं म्हनले?"

 माझ्या हातातल्या कार्डावर पावसाची ओवी होती.

हौसाबाईंनी पदर पुन्हा खोचला. मूठ धरली. जातं फिरलं.

*लुकतुके भाऊ माझा शिकला गं लई भारी,*
*खऱ्याचं करीतो खोटं सायबाच्या दरबारी.*

आता खोकलासुद्धा आला नाही. कॅरलबाई उत्सुकतेने पुढे झुकल्या. "आणि याचा अर्थ?"

"आपल्या सर्वांचे त्या आभार मानतायत," मी इंग्रजीत म्हणालो.

हौसाबाईंनी ओट्सचा डबा बाजूला सरकवला, माईक दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, एकेक शब्द ताटात वाढावा तसा वाढत म्हणाल्या:

"नो हॅपी. नो थँक्यू. माय पासपोर्ट, ही कबर्ड." बोट वर्तकांकडे. "फोर इयर. माय डॉटर, बेबी, जून. आय गो होम. ही नो गिव्ह." मग बोट माझ्याकडे वळलं. "धिस मॅन नो टेल."

 कॅरलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हौसाबाईंना काही विचारलं नाही, वर्तकांनाही नाही. मला विचारलं, कारण इंग्रजी माझं चांगलं होतं.

"हे खरं आहे का?"

त्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती, आणि दोन्ही एकेका शब्दाची. मी तिसरं दिलं.

"मला फक्त भाषांतरासाठी बोलावलंय," मी म्हणालो.

तेवढ्यात मंडळाच्या रांगेत खुर्ची सरकली. मैथिली उभी होती. त्या देशात तिची सही कुठेच लागत नसे. घराच्या भाडेकरारावर नाही, बँकेत नाही, कुठल्या फाईलवर नाही. तिथल्या पाच वर्षांत तिला सभेत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आत्ताही विचारलं नव्हतं.

"खरं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "मी सांगते." आणि तिने सांगितलं. शिकवायची तसं, पहिल्यापासून, न अडखळता. शेवटी तिने दोन ओव्यांचं भाषांतर केलं. माझ्यावरच्या तिसऱ्या ओवीचंही केलं. भाषांतर अचूक होतं.

त्यानंतर काही आरडाओरडा झाला नाही. वर्तक उठले, झब्बा सावरला आणि "काहीतरी गैरसमज झालाय" असं दोन्ही भाषांत म्हणाले. चर्चच्या गायकवृंदातल्या दोन धिप्पाड बायका येऊन हौसाबाईंच्या शेजारी जात्यापाशी जमिनीवर बसल्या. नुसत्या बसल्या. मेक्सिकन पोरांपैकी एकाने हौसाबाईंना पाण्याची बाटली आणून दिली. कॅरलबाई कोपऱ्यात जाऊन कुणा वकिलाला फोन करत होत्या. त्या रात्री हौसाबाई आमच्याकडे झोपल्या.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात वर्तक होते, हातात एक पाकीट आणि एक सूटकेस. पाकिटात पासपोर्ट होता, आणि बुधवारच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट.

"त्यांना द्या," ते म्हणाले. आत आले नाहीत. मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं.

हौसाबाईंनी पासपोर्ट उघडला, आपला फोटो बघितला. "किती काळी हुते," असं म्हणाल्या आणि तो चोळीत खोचला. बुधवारपर्यंत तो तिथेच होता. झोपतानासुद्धा.

सोमवारी मी ऑफिसात गेलो तो टेबल आवरायच्या तयारीने, बरोबर रिकामं खोकं घेऊन. अकराला वर्तकांनी बोलावलं.

"बस," ते म्हणाले. अहोजाहो गेलं होतं. "मैथिलीचं मी मनावर घेतलेलं नाही. बायका भावनेच्या भरात बोलतात. पण तू तोल ढळू दिला नाहीस. भर सभेत, एवढ्या दबावाखाली. भाषांतर फार नाजूक काम असतं, लुकतुके, ते तू नीट केलंस. अशी माणसं मला कंपनीत हवीत." त्यांनी माझी फाईल पुढे ओढली आणि सही केली. पेन सुरुवातीला उमटेना, म्हणून माझंच घेतलं.

मी खोकं परत घरी आणलं.

त्या दिवसांत मैथिली माझ्याशी मिठापुरतं, दुधापुरतं बोलत होती. मंगळवारी ती हौसाबाईंसाठी बॅग आणायला गेली होती, कारण वर्तकांनी दिलेल्या सूटकेसचं चाक मोडकं निघालं. घरात मी आणि हौसाबाई दोघंच. त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. मी दाराशी उभा राहून म्हणालो, "हौसाबाई, शनिवारी माझं जरा चुकलं."

"चुकलं न्हाई, भाऊ. भ्यालात." त्यांनी मान वर केली नाही. "मीबी भ्याले की चार वर्सं. माझं पुस्तक त्यांच्या कपाटात हुतं म्हनून." दोन पाकळ्या सोलून झाल्या. "तुमचं कुटं असतंय?"

"माझा पासपोर्ट? तिथे, टेबलाच्या खणात."

"कुलूप हाय?"

"नाही. खणाला कुलूपच नाही."

त्यांनी मान वळवून त्या खणाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जणू तिथे कुणीतरी बसलेलं होतं. मग पुढचा गड्डा फोडला.

बुधवारी मैथिलीने त्यांना विमानतळावर सोडलं. मला ऑफिस होतं.

जूनच्या बावीस तारखेला फोन आला. मैथिली तेव्हा कॅरलबाईंच्या ग्रंथालयात बिनपगारी शिकवायला जाऊ लागली होती, त्यामुळे फोन मी घेतला.

"भाऊ, पोरगी झाली रंजनाला. साडेसा पौंडाची."

पौंड त्या इथूनच घेऊन गेल्या होत्या. मी अभिनंदन केलं. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी हसत होतं.

"दोघीबी बऱ्या हायेत. घर सारवलं, दार उघडं हाय सकाळपासनं, गाव येऊन बघून जातोय. बारशाला या तुमी दोघं. बाराव्या दिशी."

"इतक्या लवकर कसं जमणार, हौसाबाई."

"मंग सव्वा म्हैन्यानं ठिवते. तुमच्यासाटी. त्यात काय."

व्हिसाचा नियम असा होता की अर्ज चालू असताना देशाबाहेर गेलं तर परत आत घेतील याची खात्री नसते. हे त्यांना फोनवर समजावणं अवघड होतं. निदान मी तसं स्वतःला सांगितलं. घड्याळ बघितलं. समोर टेबल होतं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

"कुनाला?"

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. तेवढ्यात त्यांचं फोनचं कार्ड संपलं आणि फोन तुटला.

मैथिली गेली. तिकडे सव्वा महिन्याने बारसं झालं, तिनेच पाळण्यात घातलं, आणि व्हिसाच्या खिडकीवर दोन महिने हेलपाटे घालून ती परतही आली. माझं ग्रीन कार्ड आणखी सात वर्षांनी आलं. ती मुलगी आता जुन्नरला कॉलेजात जाते. दर वर्षी जूनमध्ये हौसाबाईंचा फोन येतो, मी घेतला तर त्या मैथिलीची चौकशी करतात, शेवटी "मंग, विचारलंत का?" म्हणतात, आणि मी सांगतो, अजून नाही.